ताराबाईंचा दूरचा मदतनीस

जालन्यात कादराबादच्या बाजूला राहणाऱ्या ताराबाईंना गल्लीतले लोक अजूनही प्रेसवाल्या वहिनी म्हणतात. ज्या प्रेसमध्ये त्या आणि त्यांचे यजमान नरहरराव कामाला होते, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. नरहरराव तिथं मुद्रितं तपासायचे, ताराबाई कम्प्युटरवर मजकूर जुळवायच्या. लग्नपत्रिका, बियाणांच्या पाकिटांवरची माहिती, शाळांची वार्षिकं, सगळं त्यांच्या हातून जायचं. त्यांचं माहेर अंकुशनगर. वडील साखर कारखान्यात टायपिस्ट होते, आणि बोटांचा वेग आपल्याला त्यांच्याकडून मिळाला असं त्या सांगतात.

प्रेस बंद झाली तेव्हा मालकानं जुना कम्प्युटर त्यांनाच देऊन टाकला. त्यात वीस-बावीस वर्षांचा मजकूर होता, पण तो जुन्या फॉन्टमधला. नव्या मशीनवर उघडला की नुसता कचरा दिसायचा. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. नव्या पद्धतीत नेमकं उलट. ताराबाईंना वाटलं, हे उलटंपालटं करायचं काम मशीनला का सांगू नये? चाळिशी उलटल्यावर त्या व्हिडिओ बघून, पुस्तकं मागवून प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. स्वयंपाक आटोपला की बसायच्या. नरहरराव शेजारी खुर्ची ओढून निघालेला मजकूर वाचायचे आणि म्हणायचे, "हा रफार घसरला बघ. 'पूर्व'चं काय करून ठेवलंस!"

वर्षभरात प्रोग्रॅम बराबर चालायला लागला. मग ताराबाईंनी तो सगळ्यांसाठी मोकळा केला. प्रोग्रॅम लिहिणारे लोक प्रत्येक गोष्ट नव्यानं लिहीत बसत नाहीत. इंटरनेटवर एक मोठं सामाईक भांडार असतं, त्यात जगभरातल्या लोकांनी आपापली पॅकेजं ठेवलेली असतात. एक ओळ टाइप केली की पॅकेज मॅनेजर हवं ते पॅकेज आणतो आणि कम्प्युटरवर बसवतो. मात्र आणलेल्या मालात काय आहे हे तो तपासत नाही. ज्यानं ठेवलं त्याच्यावर विश्वास, एवढंच. ताराबाईंनी आपलं पॅकेज तिथं ठेवलं आणि त्याच्या पानावर प्रेसच्या सवयीनं स्वतःचा मोबाईल नंबरही लिहून टाकला.

ते पॅकेज हळूहळू पसरलं. कुठल्या साप्ताहिकानं जुने अंक त्यातून काढले, पुण्यातल्या एका कंपनीनं जुने दस्तावेज नव्या रूपात आणायला ते घेतलं. अंबडला प्रेस चालवणारे भारतभाऊ, नरहररावांच्या ओळखीतले, त्यांनीही घेतलं.

नंतर नरहररावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. "हां" आणि "न्हाई" एवढे दोन शब्द उरले. ताराबाईंचा दिवस आता त्यांच्या व्यायामात, जेवणात, औषधांत जायचा. पॅकेजकडे बघायला वेळ होईना.

त्याच काळात पॅकेजच्या पानावर तक्रारी यायला लागल्या. लिहिणारे कोण कुठले, ताराबाईंना ठाऊक नव्हते. "इथं कुणी लक्ष देतं की नाही?" "जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या." ताराबाई वाचायच्या आणि ओशाळायच्या. आयुष्यभर त्यांनी कुणाचं काम अडवून ठेवलं नव्हतं.

डॅनियल आला तो या तक्रारींच्या मागोमाग. तो इंग्रजीत लिहायचा. 'मी युरोपात असतो, आजीच्या बाजूनं भारतीय आहे, मराठी शिकतोय,' असं त्यानं कळवलं. त्यानं आपणहून दोन चुका दुरुस्त करून पाठवल्या. ताराबाईंनी तपासल्या, काम चोख होतं. तक्रार करणाऱ्यांना तो परस्पर उत्तर द्यायचा, "त्या एकट्या आहेत, फुकट काम करतात, जरा धीर धरा." हे वाचून ताराबाईंचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा त्यांनी त्याला उशीर का झाला ते सांगितलं, नरहररावांबद्दल लिहिलं. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक निरोपात आधी विचारणा असायची. काका कसे आहेत? आज चालले का? पुढं पुढं तो त्यांना काकू म्हणू लागला, रोमन लिपीत. झटक्यानंतर पहिले काही दिवस नातेवाईक येऊन गेल्ते, मग ज्याचे त्याचे संसार. रोज विचारणारा हा एकच उरला होता. नरहरराव पहिल्यांदा काठी धरून दारापर्यंत गेले, तेव्हा ताराबाईंनी ते आधी डॅनियलला कळवलं आणि मग धाकट्या बहिणीला.

वर्ष गेलं. डॅनियलनं सुचवलं, "प्रत्येक वेळी नवी आवृत्ती चढवायला तुम्हाला बसावं लागतं. मला तो अधिकार दिलात तर तुमचा भार हलका होईल." ताराबाईंनी फार विचार केला नाही. किल्ली द्यावी तसा त्यांनी प्रकाशनाचा अधिकार त्याला दिला, आणि त्या आठवड्यात कितीतरी दिवसांनी निवांत दुपारची झोप काढली.

एका सकाळी त्या नरहररावांच्या हाताची बोटं उघडमीट करून घेत होत्या तेव्हा फोन वाजला.

"तारा काकू का? मी कल्याणी बोलतेय, पुण्याहून. आपली ओळख न्हाई. तुमच्या पॅकेजच्या पानावर नंबर होता. मी मूळची जालन्याकडच्या टेंभुर्णीची."

"आपल्याकडचीच आहेस की! बोल ना."

"काकू, तुमच्या पॅकेजची नवी आवृत्ती आलीय ना, ती तुम्ही टाकली?"

"मी न्हाई. आमच्या डॅनियलनं टाकली. का गं? काही चुकून राह्यलं का?"

 कल्याणी त्या दस्तावेजांच्या कंपनीत इंजिनिअर होती. "काकू, घाबरू नका, पण ऐका. मी ती बसवायला घेतली, तर ती कुठल्यातरी अनोळखी ठिकाणी काहीतरी पाठवायला लागली. आमच्या कंपनीच्या नेटवर्कवरच्या पहाऱ्यानं ते अडवलं. फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅमला बाहेर काय पाठवायचंय? मी उघडून बघितलं. बसवता बसवता ती कम्प्युटरमधले पासवर्ड आणि खात्यांच्या गुप्त चाव्या गोळा करते."

"बिलकुल न्हाई," ताराबाई म्हणाल्या. "तो तसला मुलगा न्हाई. वर्ष झालं मी त्याला ओळखते. तुझंच काहीतरी चुकत असंल."

"असू शकतं. तुम्हीच बघा. बसवू नका, नुसतं उघडा. मी फोनवर थांबते."

ताराबाईंनी उघडलं. सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर ठेवलेला प्रोग्रॅम स्वच्छ होता, त्यांचाच, ओळखीचा. पण भांडारात चढवलेल्या गठ्ठ्यात एक जास्तीची फाईल होती, पॅकेज बसवताना आपोआप चालणारी. त्यात एकच लांबलचक ओळ, अर्थ नसलेल्या अक्षरांची. असल्या कचऱ्यातून शब्द काढणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम. कल्याणीनं सांगितलेल्या रीतीनं त्यांनी ती ओळ उलगडली. आतून खरोखरच एक पत्ता निघाला आणि चोरायच्या गोष्टींची नावं निघाली.

"दिसलं का, काकू?"

ताराबाईंनी ती नावं पुन्हा एकदा वाचून काढली. मग त्या म्हणाल्या, "आता काय करायचं असतं, सांग."

कल्याणीनं सांगितलं तसं त्यांनी केलं. डॅनियलचा अधिकार काढला, स्वतःचे पासवर्ड बदलले, भांडार सांभाळणाऱ्यांना कळवलं. भांडारवाल्यांनी संध्याकाळच्या आत ती आवृत्ती काढून टाकली. ताराबाईंनी पॅकेजच्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत ठळक सूचना लावली: ही आवृत्ती घेतली असेल तर ताबडतोब काढा, सगळे पासवर्ड बदला, अधिकार मी दिला होता आणि जबाबदारी माझी आहे.

या सगळ्याच्या मधेच त्यांनी डॅनियलला एक ओळ लिहिली. "हे काय आहे? तू केलंस का?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं खातंच नाहीसं झालं होतं.

ओळखीच्या माणसांना त्यांनी फोन केले. भारतभाऊंनी ती आवृत्ती घेतली होती. त्यांच्या ईमेलवरून सगळ्या गिऱ्हाइकांना भलतेसलते निरोप गेले होते आणि लोक त्यांना फोन करून करून बोलत होते.

"वहिनी, मी काही ते उघडून बघितलं न्हाई," भारतभाऊ म्हणाले. "तुमचं नाव बघितलं अन् टाकलं. मला काय माहीत, तुम्ही किल्ली भलत्याच्या हाती दिल्ती म्हणून?"

"खरंय, भाऊ. माझंच चुकलं."

"आता माझ्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

अनोळखी लोकांच्या शिव्या ताराबाईंनी वाचल्या आणि सोडून दिल्या. भारतभाऊंचं बोलणं मात्र लागलं. त्या जाऊन नरहररावांपाशी बसल्या आणि सगळं सांगितलं. डॅनियल कोण हे नरहररावांना माहीत होतं, त्याचे निरोप त्या त्यांना वाचून दाखवायच्या. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले. डाव्या हातानं त्यांनी ताराबाईंचं मनगट धरलं आणि म्हणाले, "न्हाई." थोडं थांबून पुन्हा, "न्हाई, न्हाई." कशाला न्हाई म्हणतात, हे ताराबाईंनी विचारलं नाही. त्यांना समजायचं ते समजलं.

पुढच्या पंधरवड्यात कल्याणी गावी टेंभुर्णीला चालली होती. वाटेत जालन्याला उतरून ती सरळ ताराबाईंच्या घरी आली. तिशीच्या आतली, पाठीला बॅग, हातात चिवड्याचा पुडा. ताराबाईंनी पिठलं-भाकरी केली. कल्याणीनं नरहररावांच्या पायांना हात लावला आणि त्यांच्या शेजारीच ताट घेऊन बसली. तिच्या आजोबांनाही असाच झटका आल्ता, म्हणून घोट लहान द्यायचा आणि घाई करायची नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

जेवणानंतर ती म्हणाली, "काकू, एक सांगायचंय. फोनवर सांगावंसं वाटलं न्हाई. ते तक्रार करणारे होते ना, तुम्हाला बोलणारे? ती सगळी खाती डॅनियलच्या खात्याच्या आगेमागेच उघडलेली होती. त्या लोकांनी दुसरीकडं कुठंच कधी काही लिहिलेलं न्हाई."

ताराबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मला बोलणारा तोच, अन् माझी बाजू घेणारा पण तोच?"

"तो एकटा, किंवा चार जण मिळून. असं करतात. एकटं, दमलेलं माणूस हेरतात, आधी त्याला घेरतात, मंग मदतीला येतात. मोठमोठे इंजिनिअर फसलेत, काकू."

ताराबाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी मनात अडकलेलं विचारून टाकलं. "ह्यांची तब्येत विचारायचा ना गं तो. रोज. ते पण सगळं खोटंच असंल का?"

कल्याणीला पटकन 'हो' म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "मला न्हाई माहीत, काकू."

"मी दारापर्यंतच्या चालण्याचं त्याला कळवलं, तर त्यानं केवढं कौतुक लिहिलं होतं," ताराबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. कल्याणीनं त्यांना रडू दिलं. नरहरराव आपल्या जागेवरून दोघींकडे बघत होते.

चहा झाल्यावर कामाचं बोलणं निघालं. ताराबाई म्हणाल्या, "मी हे बंद करून टाकते. माझ्यानं आता होणार न्हाई."

"बंद केलं तर ज्यांनी घेतलंय त्यांनी काय करायचं? अन् तुमच्या सोडलेल्या नावावर उद्या दुसराच कुणी येऊन बसायचा." कल्याणीनं बॅगेतून लॅपटॉप काढला. "मी येते तुमच्या जोडीला. पण माझ्यावर पण विश्वास ठेवू नका."

"म्हणजे गं?"

"म्हणजे असं लावून ठेवू, की कुठलीही आवृत्ती तुमच्या अन् माझ्या दोघींच्या होकाराशिवाय वर जाणारच न्हाई. मोबाईलवरचा कोड लागेल, तोही दोघींचा. मी उद्या बदलले तरी तुम्ही अडवू शकता. अन् तुम्ही बदलल्या तर मी."

"मी काय बदलते या वयात!" ताराबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

उन्हं कलेपर्यंत दोघी बसल्या. सगळा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. डॅनियलच्या दुरुस्त्या आल्या तेव्हा कल्याणीनं विचारलं, "या काढायच्या का?" ताराबाईंनी प्रत्येक दुरुस्ती नीट तपासली. बहुतेक बरोबर होत्या. "बराबर आहे ते ठेवू," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा आपल्या हातानं लिहू." तपासणीसाठी थोडा जुना मजकूर प्रोग्रॅममधून काढला तो त्यांनी नरहररावांपुढे धरला. वाचून दाखवणं त्यांना जमत नव्हतं, पण एका ठिकाणी त्यांनी डावं बोट टेकवलं. 'स्थिती'तली पहिली वेलांटी एक अक्षर पुढं सरकली होती. कल्याणी ओरडलीच, "काका, हे मला दिसलंच न्हाई!" नरहररावांच्या चेहऱ्यावर प्रेसमधला जुना ताठा क्षणभर दिसून गेला.

संध्याकाळच्या गाडीनं कल्याणी टेंभुर्णीला गेली. स्वच्छ आवृत्ती पुढच्या आठवड्यात आली, दोघींच्या होकारानं. काही लोक पुन्हा आले, काही आले नाहीत. भारतभाऊंचा महिनाभरानं फोन आला. आवाज अजून तुटकच होता.

"वहिनी, नवं टाकू का? तुम्ही स्वतः बघितलंय का?"

"मी बघितलंय, टेंभुर्णीच्या एका पोरीनंबी बघितलंय. तरी भाऊ, टाकायच्या आधी तुम्हीबी कुणाला तरी दाखवा."

"दाखवतो," ते म्हणाले, आणि फोन न ठेवता त्यांनी विचारलं, "नरहरराव कसे आहेत?"

"काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात आता."

कल्याणी गावी जाता-येता जालन्याला थांबते. मधल्या काळात फोनवर बोलणं होतं, कामाचं थोडं आणि इतर जास्त. परवा सुमेधा नावाच्या कुणा विद्यार्थिनीनं लातूरहून एक दुरुस्ती पाठवली. 'दुसऱ्या'मधला अर्धा र चुकीचा उमटतो, असं तिचं म्हणणं होतं. ताराबाईंनी तिचा निरोप दोनतीनदा वाचला. उत्तर न लिहिताच त्या उठल्या, भाजी निवडली, नरहररावांना उन्हात बसवून आल्या. मग पुन्हा बसून तिची प्रत्येक ओळ तपासली, कल्याणीला तपासायला पाठवली, आणि तिचा होकार आल्यावर मुलीला उत्तर लिहिलं: "दुरुस्ती अगदी बरोबर आहे. घेतली. तुझं नाव पानावर लावलंय, एकदा बघून घे."