डाव्या हाताचं काम

मी जानेफळ सोडलं त्या दिवशी ओसरीत सामानाचं वजन करणं चाललं होतं. सोयाबीनची पोती मोजायचा काटा बाबांनी ओढत मधोमध आणला होता आणि माझ्या दोन बॅगा त्यावर आळीपाळीने चढत होत्या. शेवटी मी भजनाची पेटी उचलून आणली आणि काट्यावर ठेवली. अर्धे कपडे काढले तर ती मावत होती. बाबांनी ती उचलली आणि परत तिच्या जागेवर नेऊन ठेवली. मग म्हणाले, "पेटी भजनी मंडळाची हाये बाई. तू नेशीन तं मंगळवारी मी काय डबा वाजवू?" सगळे हसले. मीही हसले. बॅगेत उरलेल्या जागेत आईने लोणच्याची बरणी कोंबली आणि आम्ही एस.टी.च्या वेळेला निघालो.

आता मी जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे आणि ऑनलाइन पियानो शिकते. गावात हे वाचून हसतील, हसू द्या. तुम्ही जे अजून जानेफळात, मेहकरात आहात आणि जे माझ्यासारखे उठून कुठे कुठे गेलात, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. निघून गेलेल्यांना ते लवकर कळेल.

पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. शिफ्टला जायचं, म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, भाषेच्या क्लासला बसायचं, घरी येऊन भात लावायचा. सगळं नीट चाललं होतं. आई फोनवर विचारायची, "करमते का वं तिकडे?" मी हो म्हणायची. करमत होतं किंवा नव्हतं, यातलं काहीच मला वाटत नव्हतं. जेवणाला चव होती, थंडीला बोच होती, पण ते सगळं दुसऱ्या कोणाला तरी होतंय आणि मला कोणी सांगतंय, असं असायचं. वाईट वाटत होतं असं म्हणाले तर ते खोटं होईल.

वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं तेव्हा जड पडतो म्हणून त्यांचा डिजिटल पियानो मला देऊन गेलं. आठ वर्षांची असल्यापासून मी बाबांच्या मांडीला मांडी लावून पेटी शिकले होते, त्यामुळे पट्ट्या ओळखीच्या होत्या. हेडफोन लावून भजनं वाजवायला लागले. दोनच महिन्यांत उजवं मनगट असं दुखायला लागलं की म्हाताऱ्यांना उचलताना कळ यायची. या हाताशिवाय नोकरी कशी करणार? म्हणून शिक्षक शोधला. त्या इरिना मॅडम. सत्तरीच्या असतील, दुसऱ्याच देशात राहतात, त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझंही. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

मोबाइल स्टँडवर उभा करून माझे हात दिसतील असा लावायचा, हा त्यांचा नियम. पहिल्याच तासाला त्यांनी दुखणं पकडलं. पेटीची पट्टी दाबून धरली की सूर चालू राहतो, म्हणून मी पियानोचीही पट्टी सूर संपेपर्यंत जीव खाऊन दाबत होते. "आवाज झाला," त्या म्हणाल्या. "तो आता तुझ्या हातात नाही. मग कोणाला दाबतेस? हाताचं वजन सोड आणि थांब." वजन सोडणं म्हणजे काय, हे समजायला मला सहा आठवडे लागले. कोपरापासून हात लोंबता ठेवायचा, मनगट मोकळं, बोटं गोल, जोर कुठेच नाही. दुखणं कमी होत गेलं.

मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुझा डावा हात कुठे गेला?"

तो फ्रेमच्या बाहेर होता. मी खाली पाहिलं तर तो मांडीशेजारी हवेत पुढे-मागे हलत होता. मी पेटीचा भाता मारत होते. समोर भाता नाही, पियानोला वारं लागत नाही, आणि माझा डावा हात इतके महिने इमानेइतबारे वारं भरत होता. मॅडमना पेटी माहीत नव्हती. मी समजावून सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "या हाताला दुसरं काम द्यावं लागेल. नाहीतर तू कायम अर्धाच पियानो वाजवशील." तेव्हापासून तीन महिने फक्त डावा हात.

त्याच दिवसांत एका गुरुवारी दुपारी गजूचा फोन आला. गजू माझा धाकटा भाऊ. "ताई, बाबाले लकवा मारला. डावी बाजू गेली. बुलडाण्याले घेऊन आलो. जिवाले धोका नाही म्हनते डॉक्टर." मी विचारलं, किती वाजता झालं, तोंड वाकडं आहे का, पाणी गिळता येतं का, लघवीचं भान आहे का. तो उत्तरं देत गेला आणि मधेच थांबला. "तू काऊन असं इचारून राह्यली, नर्ससारखी?" मी नर्सच आहे, असं मी म्हणाले. हे वाक्य मला अजून आठवतं आणि त्याची लाज वाटते.

पंधरा मिनिटांनी माझा तास होता. तो रद्द करावा असं मला सुचलंही नाही. मी बसले, सांगितलेलं सगळं वाजवलं. मॅडम म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुझे खांदे सैल आहेत. हे कसं केलंस? असंच ठेव." मी थँक यू म्हणाले. रोज सकाळी मी दुसऱ्यांच्या बापांचे लुळे हात सदऱ्याच्या बाहीत घालते. दुसऱ्या दिवशीही घातले.

बाबा घरी आले. चार पावलं धरून चालू लागले, जीभ जड राहिली, डावा हात मात्र गेला तो गेलाच. उजवा अगदी पूर्वीसारखा. म्हणजे सूर सगळे शाबूत, पण भाता मारायला हात नाही. भजनी मंडळाची माणसं मंगळवारी टाळांवरच भागवून घेत होती, असं आईने सांगितलं. मग फोन बाबांकडे गेला. आधी जड श्वास ऐकू आला. मग तुटक शब्द. "तू ये. भाता मार." मी म्हणाले, "येते बाबा. मी येईपर्यंत थांबा." आयुष्यात मी त्यांना दिलेला हा एकच शब्द असेल.

पण मी गेले ती पाच महिन्यांनी. सगळ्यांना सांगितलं की पासपोर्ट इथे राहण्याच्या परवान्यासाठी ऑफिसात अडकला आहे. तो अडकला होता, पण दोनच महिने. पुढचे तीन महिने मी रजेचा अर्जच भरला नाही. बाबांना तसं बघूनही मला काही वाटलं नाही तर काय करायचं, ही भीती होती. त्याऐवजी मी डावा हात घोटत राहिले. रोज तासभर, शिफ्ट कशीही असो. हा हात मी बाबांसाठी तयार करतेय, असं स्वतःला सांगत राहिले, आणि ते मला खरंही वाटायचं. हात खरोखर सुधारला. पाचही बोटं वेगवेगळी बोलायला लागली. मॅडम म्हणाल्या, आता हा हात जुनं काम विसरला. मला तेव्हा आनंद झाला होता.

घरी पोचले त्या संध्याकाळी बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, समोर स्टुलावर पेटी. मला बघून त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली. मी पाया पडले, हातपाय धुतले आणि त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. ज्या कामासाठी आले होते ते आधी करू म्हटलं. आई आत भाकरी टाकत होती. बाबांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि मी भाता धरला.

जमेना. बाबांनी पहिला सूर धरला आणि मी ढकललं, दुसऱ्याला परत ढकललं. माझा हात त्यांच्या बोटांबरोबर चालायला लागला. भात्याला सुरांशी काही देणंघेणं नसतं, त्याने आपलं वारं भरून ठेवायचं असतं, सारखं, एका चालीत. हे मला आठव्या वर्षी येत होतं. आता सूर फुगत होता, खाली बसत होता, मधेच विझत होता. मी जोर लावला तर जास्तच बिघडलं. बाबा तीनदा थांबले, तीनदा परत सुरू केलं. मग पट्ट्यांवरून हात काढून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुटून राह्यलं."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "सरक बाई," म्हणाली. मी सरकले. ती माझ्या जागी बसली, पिठाच्या हाताने भाता धरला आणि बाबांनी वाजवायला सुरुवात केली.

मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा घरी आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून ती बसत होती, दर मंगळवारी देवळातही. जिला काळी दोन आणि काळी चार या पट्ट्यांतला फरक माहीत नाही, जिने तीस वर्षांत पेटीवरची धूळ पुसण्यापलीकडे तिला हात लावला नाही, ती डोळे मिटून भाता मारत होती आणि सूर कुठेही हलत नव्हता. बाबांचा श्वास आणि तिचा हात बरोबर चालला होता. "तुले वाईट वाटंन म्हनून नाही सांगतलं," डोळे न उघडता ती म्हणाली. "तू येतो म्हनली होती ना. अन् तव्यावर भाकर हाये, तेवढी पाह्य."

मी आत गेले. भाकर एका बाजूने काळी पडली होती. घाईत हाताने उलटायला गेले आणि बोटं तव्याला टेकली. "आई गं!" असं मोठ्याने ओरडले, घरभर ऐकू जाईल एवढं.

बाहेर पेटी थांबली नाही. मी नसताना ती इतके महिने चालू होती, मी परत गेल्यावरही ती चालू राहील. माझं घर आता ते आहे, माझ्यावाचून चालणारं. नळाखाली बोटं धरली आणि मी रडायला लागले. बाहेर भजनाचा दुसरा चरण सुरू झाला होता.