उडवलेल्या फोटोंची यादी

“अर्धे पाव्हने गायब हाय, ते जाऊ द्या. माहा भाऊ कुठी हाय?”

सुनंदाताईंनी तिसऱ्यांदा मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मोताळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. धामणगाव बढ्याला त्यांच्या मुलीचं लग्न झालं, फोटो मी काढले आणि निवडायला त्यांना लिंक पाठवली. फोटो क्लाउडवर होते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली जागा, आणि लिंक म्हणजे त्या जागेची किल्ली.

सुनंदाताईंचा आणि त्यांच्या भावाचा तीन वर्षं अबोला होता. लग्नात भाऊ आला, स्टेजवर चढला, बहिणीशेजारी उभा राहिला. अख्ख्या मांडवाने ते पाहिलं. माझ्या लिंकमध्ये मात्र ते नव्हतं.

“तो म्हनन, बहिनीनं मुद्दाम काढून टाकलं. पुन्हा बोलनं बंद होईन पाहा,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता.

“ताई, हे मी नाही केलं. मशीननं केलं. आत्ता वापस आनतो,” मी म्हणालो आणि मनातल्या मनात एजंटला शिव्या घातल्या.

एजंट म्हणजे एआयचा कामकरी भाऊ. साधा एआय विचारलं तेवढं बोलतो. एजंट आपल्या परवानगीने फोल्डर उघडतो, फायलींना नावं देतो, हलवतो, उडवतो. हजारो फायली एका हुकमात निघतात, त्याला बॅच म्हणायचं. मी हुकूम दिला होता, ‘एकसारख्या फोटोंतला एकच ठेव. डोळे मिटलेले, हललेले काढून टाक.’ चहा पिऊन आलो तर काम खल्लास. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आता आपल्याकडच्या आहेराच्या फोटोंत तेच नवरा-नवरी, तोच सोफा, तीच टॉवेल-टोपी. बदलतात फक्त शेजारचे पाहुणे, आणि ते स्वतःच्या फोटोसाठी तासभर रांगेत उभे असतात. एजंटला आपली सोयरीक काय ठाऊक? त्याला सगळं एकसारखं दिसलं.

नशीब, उडवलेल्या फायली काही दिवस ट्रॅशमध्ये पडून असतात. मी सगळ्या परत आणायला सांगितल्या. एजंटने हिशेब दिला: उडवल्या एक हजार सव्वीस, आणल्या एक हजार सव्वीस. काका आले, आत्या आल्या, व्याही आले. स्टेजवरचा भाऊ आला नाही.

एजंटने प्रत्येक फायलीची वेळ लावून यादी ठेवली होती. ती खालीवर केली. आहेराच्या रांगेत मधली सहा मिनिटं कोरी होती. उडवलेलं काही नाही, ठेवलेलंही काही नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भरत आलं आणि रांग संपेना, की फोटो न काढता नुसता फ्लॅश उडवायचा. त्याला वेगळं बटण असतं. पाहुणा खूश, रांग पुढे. याला आम्ही खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणतो. त्या सहा मिनिटांत मी तेच केलं होतं.

“ताई, मशीनची चूक नाही,” मी म्हणालो. “तो फोटो म्या काढलाच नाही.”

“काऊन? चमकलं तर होतं!”

मी फ्लॅशचं सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांच्या मोबाईलमधला भावाचा जुना फोटो एजंटला दिला आणि म्हटलं, हा माणूस सगळीकडे शोध. एक फोटो निघाला. पंगतीतला. बहीण भावाच्या तोंडात जबरदस्तीने जिलेबी कोंबतेय, भाऊ मान मागे टाकून हसतोय. मी उजेड तपासायला सहज काढलेला. एजंटने तोही उडवला होता. कारण लिहिलं होतं, ‘दोन्ही चेहऱ्यांचे डोळे मिटलेले. हात हललेला.’

सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. “हाच मोठा करून द्या.”

अल्बम न्यायला भाऊच आला. दणकट गडी, पोट सुटलेलं. तो फोटो त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, “मस्त हाय. पन स्टेजवरचा?”

मी त्यालाही खरं सांगितलं.

“म्हंजे मी तिथी पोट आत घिऊन उभा राह्यलो, ते फुकट?”

आता एजंटला डिलीटची परवानगी देत नाही. तो फोटो बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवतो, मी बघून ठरवतो. खिशात एक कार्ड जास्तीचं असतं. एजंटने काय उडवलं त्याची निदान यादी ठेवली. बावीस वर्षांत मी किती जणांना फुकट पोट आत घ्यायला लावलं, त्याची यादी कुठेच नाही.