पल्लवीचं पान जाईना

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. स्वतः लिहिलेल्या कोडवर मात्र होता... म्हणूनच संताप होतो.

मी बदलापूरला, कात्रपमध्ये राहते. आमच्या ज्ञातिमंडळाची वधूवर साइट मीच लिहिली. सर्व्हर उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये, हरेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. साइट जड होऊ नये म्हणून एकदा तयार झालेलं पान साठवायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच दाखवायचं – याला कॅश म्हणतात. माहिती बदलली की जुनं पान उडतं, नवं बनतं. साधी गोष्ट.

माझी भाची पल्लवी माझ्याकडेच राहते, तिचं अंबरनाथला जमलं. स्थळ मीच आणलेलं. सुपारी फुटली त्याच दिवशी मी तिच्या नावापुढे ‘ठरलं’ केलं, म्हणजे पान जाऊन तिथे ‘हे स्थळ आता उपलब्ध नाही’ यायला हवं. पान जाईना! बाकी मुलींची पानं बदलत होती. हिचं तसंच – फोटो, ‘स्थळ पाहणे चालू’ आणि तळाशी पान बनल्याची जुनी वेळ.

चौथ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन. “अहो ताई, आमच्याहून चांगलं मिळतंय का बघताय?”

मी तडक हरेशचं दुकान गाठलं आणि त्याच्यावर उखडले. “आंटी, कॅश का फोल्डर खाली है, तुम्हीच बघा ना!” खरंच रिकामा. मी कॅशच बंद केली, सर्व्हर पुन्हा चालू केला, हरेशच्या फोनवर साइट उघडली... पान हजर!

घरी येऊन पल्लवीवर डाफरले, “तू काही केलंस?”

“मी काय करणार, आत्या? फॉर्म तू भरलास, फोटो तू टाकलास, होकारही तूच दिलास.”

“तेव्हा तोंड शिवलं होतं?”

“विचारलं कुणी? मला नाही करायचं तिथे लग्न. आता बोलले, बस?”

मी अंबरनाथला फोन लावला. त्या बाईंनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. “नाही” सांगून ठेवला. स्वयंपाक उरकून साइट उघडली, तर पान गेलेलं. ‘हे स्थळ आता उपलब्ध नाही.’ कॅश बंद, म्हणजे तळाशी आत्ताची वेळ हवी. होती सात वीस. फोनमध्ये पाहिलं – अंबरनाथचा कॉल सात वीसचा.

हरेशला कारण सापडलेलं नाही, मलाही नाही. सख्खी आत्या असून मी विचारलं नाही आणि एक पान अडून बसलं, याचा राग अजून जात नाही. आता फॉर्ममध्ये एक रकाना वाढवलाय: ‘मुलीचा होकार’. तो तिच्याच फोनवरून भरावा लागतो.