घंटेवरची फुली

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. युनिफॉर्मच्या खिशात पेनांची टोपणं जमतात ना, तसे ते जमत जातात. मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या आयसीयूत सिस्टर आहे. दुपारी पडदे ओढलेले असतात, काविळीच्या बाळांवर निळा लाईट, आणि सगळीकडून मशीनचे सावकाश श्वास. चार तास त्यात काढले की आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळत नाही.

त्याचा घरी काय परिणाम होतो ते ऐका. दिवस न भरलेली बाळं मधेच श्वास घ्यायची विसरतात. मग आम्ही तळव्याला हलकी टिचकी मारतो, बाळ दचकतं आणि श्वास सुरू होतो. एका रविवारी जेवून आम्ही दोघं आडवे झालो. नवरा घोरत होता, घोरता घोरता थांबला. मी झोपेतच उठले आणि त्याच्या तळव्याला सणसणीत टिचकी मारली!

तो धडपडून उठला. "काय झालं गं?"

"काही नाही, श्वास घे," म्हटलं आणि पुन्हा झोपले. हल्ली तो मोजे घालून झोपतो.

*

त्याच सुमारास आमच्याकडे माहुलच्या कोळीवाड्यातलं एक बाळ होतं. सातव्या महिन्यात जन्मलेलं, जेमतेम किलोभर. व्हेंटिलेटरची नळी दोनदा काढून पाहिली, दोन्ही वेळा तासाभरात परत घालावी लागली. आई वरच्या वॉर्डात सिझेरियनची, म्हणून दुपारी आजी यायची. जन्मभर मासळी विकलेली बाई.

आमच्या डॉक्टर मॅडम तिला समजावत होत्या, "फुप्फुस कच्चं आहे, आजी. श्वास सोडला की आतून चिकटतं. म्हणून मशीन थोडी हवा आतच धरून ठेवतं."

"म्हंजे ओली पिशवी," आजी म्हणाली. "बर्फातली पिशवी अशीच चिकटते. परत फुंकायला जीव जातो. थोडी उघडीच ठेवायची."

 आता मॅडम शिकाऊ डॉक्टरांना हेच सांगतात. एकाने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मॅडम म्हणाल्या, "माहुलच्या."

*

आमची मशीनं दुरुस्त करायला साकीनाक्याहून अस्लम येतो. टेस्टिंगला तो बाळाच्या जागी रबराचा फुगा लावतो. फुगा तासन्तास श्वास घेत राहतो, बघत बसलं की डोळे जड होतात. एकदा कुणीतरी त्या फुग्याला बाळाची लोकरी टोपी घातली. काम संपलं तरी अस्लम आपला उभाच.

"सिस्टर, बंद आप करो ना. मेरे से नहीं होगा."

"अरे, रबर आहे तो!"

"फिर टोपी निकालो पहले."

मी टोपी काढली. मग त्याने स्विच बंद केला. खरं सांगते, मलाही कसंतरीच झालं.

*

व्हेंटिलेटरची नळी घशात आवाजाच्या पडद्यांमधून जाते. त्यामुळे आमची बाळं रडतात, पण आवाज येत नाही. तोंड उघडतं, चेहरा लाल होतो, आणि काहीच ऐकू येत नाही. नळी दोनदा काढली तेव्हाही घरचं कुणी जवळ नव्हतं, त्यामुळे माहुलच्या बाळाचा आवाज घरात कुणीच ऐकला नव्हता.

अलार्म वाजला की बाळाकडे बघून मी एक बटण दाबते. घंटा आणि तिच्यावर फुली असं चित्र असलेलं. अलार्म थोडा वेळ गप्प होतो. आजीने ते बघून ठेवलं होतं. एक दिवस हळूच म्हणाली, "बाय, त्या बटनानं पोराचा पन आवाज बंद झालाय. तेवढा सोड ना."

मी नळीचं सगळं समजावलं. तिने मान हलवली, पण नजर बटणावरच.

तिसऱ्यांदा नळी काढायची ठरली. "या वेळी टिकायला हवं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी आजीला जवळ उभं राहू दिलं. मला भीती वाटत होती. नळी निघाली. छाती हलेना. मॅडमनी स्वतःचाच श्वास धरला होता, मीही. मी तळव्याला टिचकी मारली.

आणि आवाज आला. घोगरा, मांजराच्या पिल्लाएवढा. मग जरा मोठा. पोरगं असं रडायला लागलं, की ठोके वाढले आणि अलार्म वाजला. मॅडमनी स्क्रीन बघितला, मान डोलावली. सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

आजीने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको गो बाय," ती म्हणाली. "आता त्याला हात नको लावू."