हलव्याचं मंगळसूत्र

"मन कशात तरी रमव," असं जो तो मला सांगायचा. जणू मन म्हणजे किरकिरं पोर, खुळखुळा वाजवला की गप्प. हे गेले ते ऐन उन्हाळ्यात, आणि दिवाळी आली तरी मी पलंगावरून हलले नव्हते. मोरीत भांडी साठायची, केसांच्या जटा व्हायच्या, आणि मला त्याचं काहीही वाटायचं नाही. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागू लागली, हे खरं. पण सकाळी उठून करायचं काय, याची गोळी त्यांच्याकडे नव्हती.

शेवटी धाकटी नणंद येऊन मला पंचवटीतल्या तिच्या घरी घेऊन गेली. ती दर थंडीत हलव्याचे दागिने करून देते. नव्या सुनेने पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालायचे, साखरेच्या दाण्यांचे. आमच्या घरी वर्ष सरेपर्यंत सण नव्हता. ती लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, त्यामुळे तिच्याकडे होता.

"वहिनी, माझी बोटं पोळलीत गं. जरा परातीपाशी बसतेस?"

बोटं पोळली-बिळली काही नव्हती, मला दिसत होतं. तरी बसले. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

मंद आचेवर परात, परातीत साबुदाणा. चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत दाणे बोटांनी हलके हलके फिरवत राहायचे. मग पुन्हा चमचाभर. दिवसचे दिवस हेच. पहिल्याच दिवशी कंटाळून मी पाक भसकन ओतला आणि सगळ्याचा एक गोळा झाला.

"आता हा लाडू कुठल्या सुनेच्या गळ्यात बांधू?" नणंद म्हणाली. मला हसू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी न सांगता परातीपाशी जाऊन बसले.

थंडीने घसरलेला निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला, त्या सकाळी दाण्यांना काटा फुटला. बारीक, पांढराशुभ्र, सगळ्या अंगाने. यांना दाखवावा म्हणून मी मागे वळले. मागे फक्त फ्रीज होता. आच तशीच चालू होती, म्हणून पुन्हा परातीकडे वळले.

मग मी दागिनेही करू लागले. दाण्याला भोक पाडता येत नाही, दोऱ्याच्या गाठीत तो अडकवावा लागतो. बांगड्या, बाजूबंद, हार, नथ. मंगळसूत्रासाठी मी सगळ्यात चांगला काटा आलेले दाणे बाजूला काढायचे. गिऱ्हाइकं यायची, कौतुक करायची आणि नणंद म्हणायची, "मीच करते सगळं." स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. आधी काही वाटलं नाही. मग लागायला लागलं. त्या अख्ख्या वर्षात माझ्या हातून एवढं एकच काही धड झालं होतं, आणि ते माझं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

भोगीच्या आदल्या दिवशी देवळाली कॅम्पातल्या एक बाई नव्या सुनेला घेऊन आल्या. सून हरखलीच. "कसला सुंदर काटा आलाय! मावशी, तुम्ही केलंत?"

"हो," नणंद म्हणाली.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. "मी केलंय."

बाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. "आम्ही असलं काही मानत नाही हो," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पण तिचा पहिला सण आहे ना." त्यांनी सगळे दागिने डब्यात भरले. मंगळसूत्र तेवढं उचलून परत ताटात ठेवलं. सून खाली मान घालून चपला शोधत राहिली.

त्या गेल्यावर नणंद माझ्यावर भडकली. "म्हणूनच खोटं बोलत होते मी! तुला हे ऐकायला लागू नये म्हणून."

"काय झालंय माझ्या हाताला?" मी ओरडले. "सांग ना, काय झालंय?"

"तुझ्या हाताला काही नाही झालेलं," ती म्हणाली. "माझा भाऊ गेलाय. एवढंच झालंय."

इतक्या महिन्यांत ती हे माझ्यासमोर पहिल्यांदा बोलली. ती मटकन खाली बसली, मीही बसले, आणि आम्ही दोघी फरशीवर बसून मोठमोठ्याने रडलो. स्मशानातून सगळे परत आले तेव्हाही मला रडू आलं नव्हतं.

थोड्या वेळाने बेल वाजली. दुसरी ऑर्डर न्यायला कुणी तरी आलं होतं. नणंदेने तोंड पुसलं, कडीला हात लावला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, विचारलं तर काय सांगू?"

"माझं नाव सांग," मी म्हणाले.