आठ क्रेटची थप्पी

नाशिकला अंबडमधल्या कंपनीत माझं काम असं, की प्लास्टिकच्या भागावर कायमचं ओझं ठेवलं तर तो काही महिन्यांनी किती वाकेल, हे संगणकावर आजच बघायचं. वजन वाढत नाही, तरी वस्तू हळूहळू दबत जाते. याला क्रीप म्हणतात. चाळिशीनंतर माझ्या पोटाकडे बघून बायकोला ते लगेच समजलं.

एप्रिलमध्ये सटाण्याहून मेहुण्याचा फोन आला. ‘‘दाजी, यंदा कांदा क्रेटमध्ये भरतोय. पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच महिने ठेवायचाय. एकावर एक किती रचू?’’

वीस वर्षांत सासरी पहिल्यांदाच कोणी माझ्या शिक्षणाचा उपयोग करून घेत होतं. मी क्रेटचं मॉडेल केलं, भरल्या क्रेटचं वजन घातलं, पाच महिन्यांचा काळ घातला. पडद्यावर सगळीकडे हिरवा रंग. ‘‘बिनधास्त आठ रच,’’ मी म्हणालो. रंगीत चित्रही पाठवलं. ते त्याने शेडच्या दाराला चिकटवलं म्हणे.

जूनअखेर आम्ही सटाण्याला गेलो. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि घामाच्या धारा लागल्या. तेव्हा आठवलं, मी तापमान तेवीस अंश घातलं होतं. प्लास्टिकच्या माहितीपत्रकात तेवढंच होतं, शिवाय आमच्या एसीतही तेवढंच असतं. इथे तर क्रेटचा मे महिना पत्र्याखाली गेला होता, आणि तापलं की प्लास्टिक जास्त लवकर दबतं. खालच्या क्रेटच्या भिंती बाहेर फुगल्या होत्या. आतले कांदे चेपले जात होते, वास येऊ लागला होता. मेहुण्याचा वर्षभराचा माल त्या थप्प्यांमध्ये होता.

‘‘अरे, कळवलं का नाहीस?’’

‘‘मी उतरवतच होतो, दाजी. आईने हात धरला. दर आठवड्याला येऊन क्रेट चाचपायची आणि म्हणायची, त्यांनी आठ सांगितलेत, फोनवर ते विचारतील तेव्हा सांगू.’’

फोन मी दर रविवारी करत होतो. पावसाची चौकशी करून ठेवत होतो.

सासूबाई दारात उभ्या होत्या. ‘‘उन्हामुळे शे ते, जवाईबापू,’’ त्या त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाल्या. ‘‘ तुमचं काही चुकलं नाही. चला, चहा घ्या.’’

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. जावयाने सासरी ओझं उचलायचं म्हणजे काय, म्हणून त्या दोनदा आडव्या आल्या. तिसऱ्यांदा बाजूला झाल्या. संध्याकाळपर्यंत मी आणि मेहुण्याने सगळ्या थप्प्या मोडल्या. तळाच्या क्रेटमधले बरेच कांदे फेकावे लागले. वरचा माल मात्र वाचला.

‘‘आता किती रचू?’’ मेहुण्याने विचारलं. मला नाही, आईला.

सासूबाईंनी पदर सारखा केला. ‘‘मला काय विचारतो? जवाईबापू सांगतील,’’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, ‘‘पाच सांगा.’’

मी घसा खाकरून पाच सांगितले.