मी लिहायला लावलेलं ‘नाही’

सुलतानपूरच्या योगेशला सरकारी फॉर्मवर खोटं लिहायला मी लावलं. मी, म्हणजे असले फॉर्म खरे की खोटे हे तपासण्याचा पगार घेणारा पोलीस.

ठाण्यात मी गोपनीय शाखा सांभाळायचो. नाव भारदस्त, काम साधं: पासपोर्टसाठी, नोकरीसाठी गावात जाऊन माणसाची चौकशी करायची. योगेश माझ्याच गावचा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती. तिथं सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. म्हणजे गुपितं या माणसाच्या हाती द्यावीत का, याची खात्री. फॉर्म भरायला तो माझ्याकडे आला आणि ‘व्यसन किंवा मानसिक आजारासाठी उपचार घेतले का?’ या रकान्यावर अडला.

वडील वारल्यावर तो वर्षभर प्यायचा. झोप नाही, मनात नको ते विचार. आईनं त्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. आता दोन वर्षं थेंब नव्हता.

“खरं लिहू का काका?”

“येडा हायेस का बे? ‘नाही’ लिह्य. कोन विचारते तुले?”

तीन आठवड्यांनी तोच फॉर्म चौकशीसाठी माझ्या टेबलावर आला. विचारणारा मीच होतो.

गावात पोलीस पाटलांनी सरळ सांगितलं, “हाव, पेत होता. पन इलाज केला, सुधरला. लिहा तसं.” सहीही करून दिली.

हा जबाब पाठवला तर पोराची नोकरी जाते, दाबला तर माझी. दोन दिवस तो ड्रॉवरमध्येच ठेवला. तिसऱ्या दिवशी फॉर्म आणि जबाब टेबलावर ठेवून ठाणेदार मॅडमसमोर उभा राहिलो.

“मॅडम, पूर्वी दारू पिणाऱ्याला क्लिअरन्स देतच नाहीत ना?”

“प्यायचं चालूच असेल तर अवघड. उपचार घेऊन सावरला असेल तर डॉक्टरांचे कागद बघून ठरवतात. पण लपवलं, की संपलं. आज हे लपवणारा उद्या काय लपवेल? आणि त्याच गोष्टीवरून त्याला कुणीही धमकावू शकतं. याला ‘नाही’ लिहायला शिकवलं कुणी?”

मी पंख्याकडे पाहिलं.

“कुणी, जमादार?”

“मी.”

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. “हेच लिहा. खाली सही.”

योगेशनं दुरुस्तीचा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवलं. त्यासोबत माझी कबुली. मग चार महिने काहीच नाही. आधी तो रोज फोन करायचा, नंतर फोन येणं बंद झालं. त्या बंद फोनची मला जास्त धास्ती. पोरगा परत प्यायला लागला तर? काही ना काही निमित्त काढून मी सुलतानपूरला जायचो. तो टोमॅटोच्या वावरात उभा दिसला, की मुकाट्यानं गाडी वळवायची.

अखेर त्याची नेमणुकीची ऑर्डर आली. मला लेखी ताकीद आली. तेव्हापासून दुसऱ्याच्या फॉर्मला मी पेन लावत नाही.

योगेशची आई पेढे घेऊन ठाण्यात आली. मी ऐटीत म्हणालो, “वहिनी, तिकडं काही अडलं तर मले विचार म्हना त्याले.”

“राहू द्या भाऊजी,” ती म्हणाली. “दारूनं त्याचं एक वरीस गेलं. तुमच्या सल्ल्यानं तं जलमाची नोकरीच चालली होती.”